खरी तारीख सेलूला होती

संपादकांनी पत्रात लिहिलंय, कॉम्प्युटर नवे होते त्या काळातल्या गमतीजमती सांगा, दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं असू द्या. गमती माझ्याकडे पोत्यानं आहेत. पण सांगायला बसलो की एकच गोष्ट मध्ये येऊन उभी राहते आणि माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडा. बायको तर मी 'सेलूला एकदा' एवढं म्हटलं की उठून स्वयंपाकघरात जाते. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. मला हलकंफुलकं जमेल असं वाटत नाही.

मी जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा. नव्वदच्या आसपास औरंगाबादच्या एका लहान कंपनीत नोकरीला होतो. कंपनी ऑफिसांना कॉम्प्युटर विकायची आणि विकल्यावर ते चालते ठेवायचं काम आमच्याकडे. परभणी जिल्हा माझ्या वाट्याला. मांडीवर बॅग घेऊन एसटीनं हिंडायचं. बोरीत माझे चुलते सगळ्यांना सांगायचे की आमचा पोरगा टीव्हीसारखं काहीतरी दुरुस्त करतो, पण त्यात पिक्चर लागत नाही.

मशीन बंद पडणं हा त्या कामातला सोपा भाग होता. उंदरानं वायर कुरतडली, लाईट गेली, उद्घाटनाच्या नारळाचं पाणी की-बोर्डात सांडलं, हे सगळं निस्तरता यायचं. अवघड काम दोन मशीनचं जुळवणं. एकच फाईल दोन गावच्या दोन कॉम्प्युटरवर आहे. इथल्या माणसानं काही लिहिलं तर ते तिथं दिसलं पाहिजे, तिथल्यानं लिहिलं तर इथं. आज तुमच्या मोबाईलमधला फोटो घरच्या कॉम्प्युटरवर आपोआप जाऊन बसतो आणि तुम्ही त्याकडे बघतही नाही. आम्हाला तेवढ्यासाठी घाम फुटायचा.

ज्या ऑफिसची ही गोष्ट, त्याचं नाव लिहीत नाही. शेतकऱ्यांकडून बियाणं तयार करून घ्यायचं, तपासायचं आणि पिशव्यांत भरून विकायचं, हा त्यांचा कारभार. मुख्य ऑफिस आणि तपासणीची खोली परभणीला, माल उतरवायचं गोदाम सेलूला. दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर. प्रत्येक गावाची एक फाईल. कोणत्या शेतकऱ्याचं बियाणं आलं ते सेलूनं लिहायचं आणि तपासणीत पास झालं की नापास ते परभणीनं. दोघांनी एकाच वेळी एका फाईलीत हात घातला तर घोटाळा होतो, म्हणून दोन भावांत विहिरीच्या पाण्याची पाळी असते तशी पाळी लावली होती. एक दिवस सेलूचा, एक दिवस परभणीचा. संध्याकाळी दोन्ही मशीन फोनवरून जोडायची आणि फाईली जुळवून घ्यायच्या.

हे जोडणंही एक प्रकरण होतं. ट्रंक कॉल बुक करायचा आणि लागला की मोडेम नावाची डबी त्या लाईनवर लावायची. मग डब्या एकमेकींशी किंचाळत बोलायच्या. एक्स्चेंजमधल्या एका बाईंना हा आवाज असह्य व्हायचा. त्या मध्येच लाईनवर यायच्या, "कोण शिट्ट्या मारायलाय? सभ्य माणसानं बोलावं!" आणि फोन तोडायच्या. मी शेवटी पेढे घेऊन त्यांना भेटायला गेलो. त्यांनी पेढे घेतले आणि म्हणाल्या, "बोलू द्या तुमच्या डब्यांना. पण जरा हळू बोला म्हणावं."

फाईली जुळवताना मशीन एकच नियम पाळायचं. घरी एकाच माणसाची दोन पत्रं आली तर नंतरच्या तारखेचं पत्र आपण खरं धरतो, तसं. दोन्हीकडच्या फाईलींच्या तारखा बघायच्या, जिची तारीख नंतरची ती नवी, आणि ती जुनीवर चढवायची. जुनी पुसली जाते. ही तारीख मशीन आपल्या पोटातल्या घड्याळावरून घेतं. माणूस त्याला विचारायला जात नाही आणि तेही माणसाला विचारत नाही. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

मशीन बसवली तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. परभणी माझ्याकडे आली ती दिवाळीनंतर, आणि आल्या आल्या त्या ऑफिसच्या साहेबांनी बोलावलं. साहेब कृषी विषयात एम. एस्सी., बोलायला अतिशय गोड, शिपायालाही अहो-जाहो करणारे. म्हणाले, "कदम, एक छोटं काम आहे. दोन्ही मशीन व्यवस्थित आहेत असं लिहून द्या."

मी विचारलं, "तपासतो आणि देतो. पण कशासाठी हवंय?"

"सेलूच्या ऑपरेटर बाई नोंदी करत नाहीत. शेतकरी बियाणं घालून जातात आणि फाईलीत त्यांची नावंच नाहीत. मेमो दिलाय. त्या म्हणतात, मी लिहिलं होतं, मशीननं पुसलं. मशीन कधी आपणहून पुसतं का? वर्षअखेरीला त्यांना कायम करायचं की नाही ते ठरवायचंय. तुमचं पत्र जोडलं की विषय संपला."

त्या बाईंचं नाव वंदना खिल्लारे. आडनाव उच्चारताना साहेबांनी किंचित थांबून माझ्याकडे बघितलं. मराठवाड्यातल्या माणसाला हे थांबणं समजावून सांगावं लागत नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, नामांतर व्हायचं होतं, आणि कोण कोणत्या बाजूचा हे आडनावावरून ठरवून लोक मोकळे होत होते. बाहेर हेड क्लार्क बाबूराव पान लावत बसले होते. ते म्हणाले, "त्या बाईनं मशीन पितृपक्षातच चालू केलं हो. मना केलं तरी. आता भोगा मनावं."

मी दुसऱ्या दिवशी सेलूला गेलो. पाळी सेलूचीच होती. गोदामाच्या कोपऱ्यात प्लायवूडची खोली, तिच्यात मशीन, आणि मशीनपुढे खिल्लारे बाई. पंचविशीच्या असतील. मला वाटलं होतं तक्रारी सांगतील. त्यांनी एकच गोष्ट विचारली, आणि तीही आवाज खाली आणून.

"सर, माणसाला आपण केलेलं काम केल्यासारखं नुस्तं वाटू शकतं का? मी नाव टाकते. दुसऱ्या दिवशी बघते तर न्हाई. परत टाकते, परत जातंय. घरी कुणाला सांगायची सोय न्हाई. माझ्या डोक्यात काही फरक पडलाय का मनून मी डॉक्टरला विचारणार होते."

हे ऐकून मला आधी वाईट वाटलं आणि मग संताप आला. चांगल्या शिकलेल्या, धडधाकट बाईला स्वतःच्या डोक्याची शंका यावी इथपर्यंत यांनी आणून ठेवलं होतं, आणि वर मला म्हणत होते, लिहून द्या, विषय संपला.

तेवढ्यात वालूरचे नामदेवराव आले. संकरित ज्वारीचं बियाणं करणारे शेतकरी, अंगानं दांडगे, आवाज त्याहून दांडगा. त्यांची पोती गोदामात येऊन पडली होती, पण फाईलीत नाव नाही म्हणून तपासणीला जात नव्हती. तशीच राहिली तर बियाण्याची ज्वारी खायची ज्वारी म्हणून निघाली असती. सगळ्या हंगामाची मेहनत, वेगळं राखलेलं रान, सगळं मातीत.

"बाई, आज माझ्या डोळ्यादेखत टाका नाव," ते म्हणाले. "मी इथून हालणार न्हाई. मागल्या टायमाला बी तुमी टाकलं मन्ल्या."

"टाकलं होतं, मामा."

"मग गेलं कुठं? पाय फुटले का त्याला?"

बाईंनी वालूरची फाईल उघडली, नाव टाकलं, पोती टाकली. नामदेवरावांनी वाकून वाचलं. मीही वाचलं. काहीही चूक नव्हती. मग आम्ही तिघांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. नामदेवराव खरोखरच हलले नाहीत. पोत्यावर बसून त्यांनी मला ज्वारीचा नर कोणता आणि मादी कोणती हे शिकवलं.

संध्याकाळी फोन लागला, डब्या किंचाळल्या, फाईली एकेक करून जुळायला लागल्या. कोणती फाईल कुठून कुठे निघाली ते पडद्यावर दिसायचं. आज सेलूची पाळी, म्हणजे सगळ्या फाईली सेलूहून परभणीला जायला हव्या होत्या. काही गेल्याही. वालूरची फाईल मात्र उलटी आली. परभणीहून निघाली आणि सेलूच्या फाईलीवर येऊन बसली.

मी म्हटलं, "बाई, उघडा बघू."

त्यांनी उघडली. नामदेवरावांचं नाव नव्हतं.

"आत्ता होतं की हो!" नामदेवराव उठूनच उभे राहिले. "गिळलं का काय मशीननं? ह्या बाईचा काय दोष हाय मग? आमी तर तिला लय बोललो."

 वंदनाबाई पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. त्यांना बरं वाटलं होतं हे मला कळत होतं. डोकं ठिकाणावर आहे, एवढं तरी त्यांना समजलं.

फाईल उलटी येते याचा अर्थ एकच. परभणीची फाईल मशीनला नवी वाटत होती. मी फोनवर बाबूरावांना धरलं आणि विचारलं, "बाबूराव, आज तारीख काय?"

पलीकडून ते अगदी सहज म्हणाले, "कॅलेंडरवरची सांगू का मशीनवरची?"

 म्हणजे यांना माहीत होतं! बाबूरावांनी मग काहीही लपवण्यासारखं नाही अशा थाटात सगळं सांगितलं. मशीन आलं ते पितृपक्ष लागल्या लागल्या. वरून तार आली की काम ताबडतोब सुरू करा. साहेबांना पितृपक्षात सुरुवात नको होती आणि वरिष्ठांना नाही म्हणायचं धाडसही नव्हतं. मग त्यांनी तोड काढली. बसवायला आलेल्या माणसाला सांगून मशीनची तारीख घटस्थापनेवर नेऊन ठेवली आणि पहिली फाईल घटस्थापनेच्या मुहूर्तावर उघडली. मशीनपुरता पितृपक्ष संपला. पुढे खरी घटस्थापना आली, दसरा आला, दिवाळी झाली, तारीख कोणी मागे आणली नाही. "चालायलाय ना, मग कशाला हात लावा?" बाबूराव म्हणाले.

त्यांच्या मशीनवर त्या दिवशी तुळशीची लग्नं उरकून गेली होती. सेलूच्या बाजारात अजून त्या लग्नांचे ऊस यायचे होते.

म्हणजे परभणीत आज कोणी एखाद्या फाईलीला हात लावला की तिच्यावर बारा-तेरा दिवस पुढची तारीख पडायची. उद्या सेलूला बाईंनी त्याच फाईलीत खरं, नवं काही लिहिलं तरी तारखेनं ते जुनं ठरायचं आणि पुसलं जायचं. ज्या गावांच्या फाईली परभणीत बरेच दिवस कोणी उघडल्या नव्हत्या तिथलं सगळं ठीक राहायचं. वालूरसारख्या, जिथं परभणीच्या दर पाळीला काही ना काही तपासणी चालू होती तिथलं जायचं. काही नोंदी राहतात आणि काही जातात, म्हणून तर सगळ्यांना तो माणसाचा आळस वाटला.

मी बाईंना विचारलं, "तुमचं मशीन कधी आलं?"

"त्याच दिवशी, सर. एकाच टेम्पोत आले दोन्ही."

"आणि तारीख?"

"मनगटावरच्या घड्याळात बघून टाकली. कॅलेंडर बघून खात्री केली. गोदामाचे साहेब मन्ले होते, पंधरवडा थांबा. मी मन्लं, आमी बौद्ध हाओत, आमी पितृपक्ष पाळत न्हाई. काम आलंय तर सुरू करते." मग त्या म्हणाल्या, "त्यावरून सगळे लय बोलले मला, सर. अपशकुनी मशीन मनतात ह्याला."

वाचकहो, इथं माझं डोकं फिरतं. पितृपक्ष टाळणाऱ्यानं घोटाळा केला आणि पितृपक्षात निमूट कामाला लागलेल्या बाईच्या माथी तो मारला. जिल्ह्यात त्या ऑफिसची एकच खरी तारीख होती, ती या बाईंच्या मशीनमध्ये होती, आणि रोज संध्याकाळी खोटी तारीख येऊन खऱ्या तारखेचं काम पुसून जात होती. मी पोथी-पुराण मानणाऱ्या घरातला आहे. माझ्या आईनं पितृपक्षात कधी नवं लुगडं नेसलं नाही. पण तिनं भिंतीवरचं कॅलेंडर फाडून दसरा आणला नाही. श्रद्धा असेल तर थांबावं, नसेल तर कामाला लागावं. मशीनला खोटं बोलायला लावायचं आणि दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा, याला मी श्रद्धा म्हणत नाही.

रिपोर्ट मी त्याच संध्याकाळी सेलूच्या स्टँडवर बसून लिहिला. मुख्य कार्यालयाच्या मशीनची तारीख पितृपक्ष टाळण्यासाठी मुद्दाम पुढे करण्यात आली, त्यामुळे सेलूच्या नोंदी पुसल्या जातात, ऑपरेटरचा दोष नाही. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"कदम, वातावरण बघताय ना? नामांतरावरून आधीच पेटलंय. त्यात तुम्ही ऑफिसच्या कागदावर पितृपक्ष लिहिता, आणि समोर ही बाई. कोण काय अर्थ काढील?"

"साहेब, अर्थ काढायचा राहू द्या. तारीख मागे घेतो, मिनिटाचं काम आहे. आणि मेमो रद्द करा."

"मागे कशी घेणार? पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी याच तारखांनी वर गेल्यात." मग त्यांचा चेहरा उजळला. "प्रश्न काय आहे? दोन्ही मशीनचं जुळत नाही, हाच ना? मग सेलूची तारीख पुढे घ्या. शाखेनं मुख्य कार्यालयाशी जुळवून घ्यायचं असतं."

आणि खरं सांगायचं तर साहेबांचं म्हणणं चाललं असतं. मशीनला खरी तारीख लागत नाही, दोघांची सारखी लागते. दोघं मिळून खोटं बोलली तर फाईली बिनबोभाट जुळतात.

साहेबांनी वंदनाबाईंना परभणीला बोलावून घेतलं. मी केबिनमध्येच होतो. आवाज नेहमीसारखा गोड. "बाई, तुमचं भलं व्हावं अशीच माझी इच्छा आहे. मशीनची तारीख चुकली होती, ती मी दुरुस्त केली, एवढं लिहून द्या. तारीख तुमच्या हातानंच पुढे करा. मेमो मागे घेतो आणि कायम केल्याची ऑर्डर आजच सही करतो." ऑर्डर टाईप करून समोर ठेवली होती. बाईंच्या घरी आजारी वडील आणि शिकणारी बहीण, आणि पगार घरात येणारा तो एवढाच. हे साहेबांना ठाऊक होतं, म्हणून तर ऑर्डर समोर ठेवली होती.

बाईंनी ऑर्डर वाचली. मग विचारलं, "साहेब, आज तारीख काय हाय?"

साहेबांनी ऑर्डर आणखी पुढे सरकवली.

"मी लिहून देते की. माझी तारीख बरोबर होती, साहेबांच्या सांगण्यावरून चुकीची केली. असं लिहिलं तर चालंल का?"

"तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत भांडणच दिसतं," साहेब म्हणाले. गोड आवाज तेवढ्यापुरता गेला होता.

"भांडण कुठं करायले, साहेब? कामून करू? मी तारीख विचारली फक्त."

त्या काळी कॉम्प्युटरला कुलूप असायचं, बारीक चावीचं. बाईंनी पर्समधून ती चावी काढली, ऑर्डरवर ठेवली, मला "येते सर" म्हणाल्या आणि गेल्या. मी साहेबांना काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. बाबूराव पान थुंकायला बाहेर गेले ते बराच वेळ आत आले नाहीत.

आमच्या मालकांनी मला औरंगाबादला बोलावून झापलं, चालू गिऱ्हाईक तोडता का म्हणून, आणि त्या ऑफिसचं काम दुसऱ्याकडे दिलं. तो सेलूला जाऊन तारीख पुढे करून आला. मी रिपोर्टाची एक प्रत वरिष्ठांना पाठवली होती, तिचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

थोड्या दिवसांनी बाबूरावांचा फोन आला. मोठ्या आनंदात होते.

"कदमसाहेब, जुळलं बघा! आता एक नोंद जात न्हाई."

"वालूरच्या नामदेवरावांचं नाव?"

"हाय की. माल तपासून पास बी झाला."

"आणि खिल्लारे बाई?"

"त्यांचं नाव स्टाफच्या फाईलीतून काढलं ना सोमवारी," बाबूराव म्हणाले. "इकडं आमी काढलं आन् संध्याकाळी सेलूचं बी आपोआप निघालं. लय भारी चालायलाय आता."